दारात न मावणारं टेबल

१

नणंदेचं लग्न एकदा ठरलं, मोडलं आणि पुन्हा त्याच मुलाशी ठरलं, त्या वर्षाची ही गोष्ट. त्याच वर्षी या कुटुंबाने शहरातली तीन खोल्यांची जागा सोडून गावाबाहेरचं एक जुनं, ऐसपैस घर घेतलं. घर बघायला आले तेव्हा सगळ्यांनी उंच छत बघितलं, रुंद खिडक्या बघितल्या, मागची बाग बघितली. भिंतीत बोट खुपसलं तर हात कोपरापर्यंत आत जातो, हे राहायला आल्यावर कळलं.

मग दुरुस्ती निघाली. दुरुस्ती म्हणजे काय, तर रोज घरातली एक गोष्ट नीट व्हायची आणि दोन बिघडायच्या. फ्रिज जिन्याखाली, पलंग स्वयंपाकघरात, कपाट व्हरांड्यात, असा संसार चालला होता. सकाळी जिथे कंगवा ठेवावा तिथे संध्याकाळी सिमेंटचं पोतं असायचं. सासरे म्हणायचे, या घरात माणसाने झोपतानाही चष्मा नाकावरच ठेवावा, नाहीतर सकाळी तो भिंतीत चिणलेला सापडायचा.

अशा घरात एखादी वस्तू दिसेनाशी झाली तर कोणी दचकत नाही. कोणीतरी हलवली असेल, असं म्हणून जो तो आपल्या कामाला लागतो. सूनही तसंच म्हणत आली होती. बुधवारी सकाळी फोन वाजेपर्यंत.

फोन घराच्या जुन्या मालकीणबाईंचा होता. आवाज बारीक झाला होता, पण शब्द ठाम होते. येत्या रविवारी भाची गाडीने आणून सोडणार आहे, तेव्हा ठरल्याप्रमाणे येते, एवढंच त्या म्हणाल्या आणि सुनेची तब्येत विचारून त्यांनी फोन ठेवला.

काय ठरलं होतं ते फक्त सुनेला ठाऊक होतं. घराच्या किल्ल्या देताना मालकीणबाईंनी तिला बाजूला घेतलं होतं. सत्तर वर्षं त्या या घरात राहिल्या होत्या. पण जाताना त्यांनी ना बाग मागितली, ना एखादं भांडं. त्या म्हणाल्या, "मला एकदा बोलवा. जेवणाच्या टेबलावर माझ्या कोपऱ्याला बसून जेवेन. तेवढं झालं की माझं या घरातलं काम संपलं." सुनेने त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन शब्द दिला होता.

तेव्हा आता टेबल तरी पुसून ठेवावं, म्हणून ती फडकं घेऊन जेवणाच्या खोलीत गेली.

खोली लख्ख होती. फरशी चकचकीत होती. नव्या गिलाव्याचा वास येत होता. आणि टेबलाच्या जागी टेबल अजूनही नव्हतं.

२

आता हे टेबल म्हणजे काही चौरंग नव्हे, की काखेत मारलं आणि चालू लागलं. दहा माणसं कोपराला कोपर न लावता बसतील एवढं ते लांब होतं. मालकीणबाईंच्या वडिलांनी सुताराला घरी बसवून ते खोलीतच करून घेतलेलं. पाय असे जाड, की त्यांना पाय म्हणण्यापेक्षा खांब म्हणावं. ते पाय खुंट्या मारून कायमचे बसवलेले, आणि वरची फळी इतकी रुंद की घरातल्या कुठल्याही दारातून ते टेबल जात नाही, आडवं नाही, उभं नाही, तिरपं नाही. खिडक्यांना गज. थोडक्यात, जन्माला आलं त्या खोलीतच ते म्हातारं झालं होतं.

सुनेने आधी नवऱ्याला विचारलं. नवरा घराचे नकाशे काढत बसला होता. तो रोज नवा नकाशा काढायचा आणि कालच्या नकाशाप्रमाणे झालेलं काम बघून हळहळायचा. टेबल आईने हलवलं असेल, असं तो मान वर न करता म्हणाला. सासूबाईंना वाटलं होतं, टेबल सासऱ्यांनी कुठे ढकललं. सासऱ्यांना वाटलं होतं, टेबल मुलाच्या नकाशात बसेना म्हणून त्याने काढून टाकलं. नणंदेला काहीच वाटलं नव्हतं, कारण ती दिवसभर फोनवर होऊ घातलेल्या नवऱ्याशी भांडत होती आणि लग्न पुन्हा मोडतंय की काय याच धास्तीत बाकीचं घर होतं.

सगळे जण मुलाकडच्यांची समजूत काढायला म्हणून दोन दिवसांसाठी गेले होते आणि आठवडाभर तिथेच अडकले होते. परत येऊनही आता बरेच दिवस झाले होते. येताक्षणी सासूबाईंनी सगळ्या घराची फरशी घासून धुतली होती. म्हणजे चोराच्या पावलांचा एखादा ठसा राहिलाच असेल, तर तोही त्यांच्या खराट्याने गटारात गेला होता.

दुपारपर्यंत घर पालथं घालून झालं. माळा बघितला. बाग बघितली. सासऱ्यांनी तर माठ ठेवायच्या फडताळातही डोकावून पाहिलं. तिथे टेबल कसं मावेल, असं सुनेने विचारलं, तेव्हा ते म्हणाले की दारातून जात नाही ते गेलं, मग फडताळात मावत नाही ते मावायला काय हरकत आहे.

शेवटी सासूबाईंनी पदर खोचला आणि अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. अंगणात सुतार दाराला रंधा मारत होता. घराचं पुढचं दार. चौकटीतून काढून दोन लाकडी घोड्यांवर आडवं घातलेलं.

"माझं टेबल तू नेलंस," सासूबाई म्हणाल्या.

सुताराने रंधा खाली ठेवला. कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली. मग तो पायरीवर जाऊन बसला आणि म्हणाला, "चोराने बसवलेलं दार तुम्हाला चालायचं नाही. तेव्हा माझ्यावरचं बालंट जाईस्तोवर हे दार इथेच राहील."

आणि घराला पुढचं दार नाही अशी पहिली रात्र आली.

३

सासूबाईंचा संशय अगदीच हवेतला नव्हता. सुताराने पहिल्याच आठवड्यात ते टेबल मागितलं होतं. असं लाकूड आता मिळत नाही, याच्या फळ्यांत दोन दारं सहज होतील, असं तो चारचौघांत बोलला होता. आणि मंडळी परगावी असताना त्याने आपल्या शेडमध्ये न्हाणीघरासाठी एक नवं कोरं दार तयार करून आणलं होतं. ते व्हरांड्यात भिंतीला टेकून उभं होतं. रंग अगदी टेबलासारखा. सासूबाई येताजाता त्या दाराकडे असं बघायच्या, जणू त्याला ओळख पटत असूनही ते न ओळखल्यासारखं करतंय.

नवऱ्याला वाटत होतं, नवीन टेबल करून घ्यावं. म्हातारीला काय कळणार आहे. हे ऐकून सुनेने त्याच्याकडे फक्त बघितलं. त्या टेबलाच्या एका कोपऱ्याला दातांच्या खुणा होत्या. मालकीणबाई लहानपणी रागावल्या की टेबलाची कड चावायच्या. किल्ल्या देताना त्यांनी तो कोपरा सुनेला बोटाने दाखवला होता आणि पदराआड हसल्या होत्या. ते दात नव्या टेबलाला कोण लावणार होतं?

रात्रभर सुनेला झोप लागली नाही. एक तर पुढचं दार नव्हतं. दुसरं, शब्द दिला होता. सकाळ होताच तिने आत्याला बोलावून घेतलं.

आत्या म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. आगगाडीच्या एका मोठ्या स्टेशनावर हरवलेल्या सामानाच्या खिडकीत तिने उभी हयात काढली होती. गाडीत विसरलेल्या छत्र्या, डबे, कवळ्या, एकदा तर एक फुंकायचं शिंग आणि एकदा एक जावई, असं सगळं तिने ज्याचं त्याला परत केलं होतं. लोक खोटं बोलतात असं तिचं मत नव्हतं. लोकांना नीट आठवत नाही, आणि ते मान्य करायचं त्यांच्या जिवावर येतं, असं ती म्हणायची. काळी छत्री हरवलेला माणूस शपथेवर निळी सांगतो आणि काळी हातात दिली की आपणच उपकार केल्यासारखा घेऊन जातो.

आत्या दुपारी आली. दार नसलेल्या चौकटीपाशी थांबली, सवयीने चौकटीवर टकटक केलं आणि आत आली. चहा घेतला. मग एक खुर्ची जेवणाच्या रिकाम्या खोलीच्या मधोमध ठेवायला सांगितली आणि म्हणाली, "एकेकाला पाठवा. आणि जो आत येईल त्याने मला चोर सांगायचा नाही. तुम्ही परगावी गेलात, त्या दिवसाची सकाळ सांगायची."

सासूबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चोर अंगणात बसलाय आणि वन्सं आम्हाला विचारतायत, असं त्या सुनेच्या कानात म्हणाल्या. पण पहिल्या त्याच गेल्या.

४

सून दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती.

सासूबाईंनी सांगितलं, की त्या सकाळी त्यांनी सगळ्यांच्या पिशव्या भरल्या, सगळ्यांना खायला घातलं आणि वेलांना पाणी दिलं. वेलांचा विषय निघताच त्यांचा आवाज मऊ झाला. घर घेतल्यापासून त्यांनी मागच्या बागेत भोपळ्याचे वेल लावले होते. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतः उभं राहून वेलांसाठी मांडव बांधून घेतला होता. चांगल्या उंच, सरळ बल्ल्यांचा. हत्ती चढला तरी हलणार नाही असा. आणि टेबल? टेबल होतं की जागेवर, जाणार कुठे. ही खोली अशीच होती, त्या म्हणाल्या. चार भिंती, स्वयंपाकघरात जायचं दार, व्हरांड्याचं दार आणि हे न्हाणीचं.

नवऱ्यानेही खोली तशीच सांगितली. वर नकाशा उघडून दाखवला. नकाशात चारही भिंती काळ्या शाईत होत्या. आत्याने नकाशा उलटा करून बघितला आणि घडी घालून परत दिला.

नणंद म्हणाली, त्या दिवशी आपलं लग्न मोडलेलं होतं, तेव्हा टेबलखुर्च्यांकडे बघायला आपल्याला डोळे कुठले. आत्याने तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि सोडून दिलं.

मग सासरे आले. लहानपणापासून ते आत्याला टरकून असत.

"बाळ, तुझं या टेबलाशी काय वैर होतं?" आत्याने विचारलं.

वैर होतंच, आणि ते त्यांनी लपवलं नाही. त्या टेबलाच्या एका कोपऱ्याचा जाड पाय नेमका त्यांच्या गुडघ्याला आडवा यायचा. जाता-येता लागायचं. या टेबलाची एक दिवस ढलपी काढून चुलीत घालीन, असं ते रोज म्हणायचे. निघायच्या दिवशीही लागलं. कळ मस्तकात गेली, म्हणून त्यांनी टेबलाला लाथ मारली. ती लागली नाही, पण पायातली चप्पल उडाली ती थेट पलीकडच्या सामानाच्या खोलीत सिमेंटच्या उघड्या पोत्यात जाऊन पडली. झटकून घातली खरी, पण व्याह्यांच्या दारात ती काढली तेव्हा त्यांच्या उंबऱ्यावर पांढरं पाऊल उमटलं. मुलाकडच्यांची समजूत पटायला आणखी दोन दिवस लागले ते त्यामुळेच, असं सासूबाईंचं म्हणणं होतं.

आत्या हसली नाही. तिने भावाला ती लाथ पुन्हा मारून दाखवायला सांगितली. जिथे टेबलाचा कोपरा होता तिथे सासरे उभे राहिले, पाय उचलला आणि चप्पल उडवली.

चप्पल भिंतीवर आपटून त्यांच्याच पोटावर आली.

सासरे म्हणाले, म्हातारपणी नेम बिघडतो. आत्या खुर्चीवरून उठली आणि अंगणात सुताराकडे गेली.

५

सुतार पायरीवर तसाच बसला होता. आत्याने त्याला काहीच विचारलं नाही. व्हरांड्यात उभ्या असलेल्या नव्या दाराला नाक लावून तिने एक मोठा श्वास घेतला, मग सुनेलाही घ्यायला लावला. ताज्या चिरलेल्या लाकडाचा उग्र वास. सत्तर वर्षं लोकांच्या जेवणाखाली काढलेल्या लाकडाला असा वास येत नाही, हे कोणी सांगायची गरज नव्हती. सासूबाई मागे उभ्या होत्या. सर्दी आहे म्हणून त्यांनी वास घ्यायचं टाळलं.

"मग टेबल गेलं कुठे?" सुनेने विचारलं. "आत्या, रविवारी त्या येणार. मी त्यांच्या हातात हात दिलाय. खोटं टेबल मांडून मला त्यांना जेवायला वाढता येणार नाही."

"तुला आठवतं ते सांग," आत्या म्हणाली. "तू राहिलीस ना सांगायची."

सुनेला फारसं आठवत नव्हतं. पिशव्यांचे बंद बांधत होते, ती म्हणाली. गवंडी दोनदा दाराशी येऊन टोपी चुरगाळत उभा राहिला. त्याला आईंशी काहीतरी बोलायचं होतं, पण आई घाईत होत्या. मला विचारू नका, घरात असेल त्यात भागवा, पण आम्ही परत येईपर्यंत न्हाणीचं छत टाकून झालेलं पाहिजे, असं त्या म्हणाल्या. आणि माझ्या वेलाला कोणी हात लावायचा नाही. मग गाडी आली.

"आणि झालं छत?"

झालं की. सामानाच्या खोलीचं न्हाणीघर करायचं, वर पाण्याच्या टाकीसाठी सिमेंटचा स्लॅब टाकायचा, असं ठरलं होतं. मंडळी परत आली तेव्हा स्लॅब टाकून झाला होता. गवंडी दाराच्या जागी आडव्या फळ्या ठोकून, त्यावर खडूने 'आत जाऊ नये' असं लिहून दुसऱ्या गावी कामाला निघून गेला होता. त्याची ती रीतच होती. स्लॅब टाकला की तो पुरता घट्ट होईपर्यंत फिरकायचा नाही. खालचे टेकू तोवर हलवायचे नसतात. सासरे रोज सकाळी शिडीवरून चढून स्लॅबवर बादलीभर पाणी ओतायचे आणि ते थेंब थेंब गळून फळ्यांच्या खालून जेवणाच्या खोलीत यायचं. ते पुसायचं काम सुनेकडे.

"चहासारखं पाणी येतं," ती वैतागून म्हणाली. "फडकी सगळी तपकिरी झाली. आई म्हणतात, गंजलेल्या सळया वापरल्या मेल्याने."

आत्या थांबली. "फडकं दाखव."

सुनेने फडकं आणून दिलं. आत्याने ते उजेडात धरलं, बोटांनी चोळलं, मग मागच्या बागेत जाऊन सासूबाईंच्या भोपळ्याच्या मांडवाखाली उभी राहिली. वर बघितलं. एका बल्लीवर नखाने खरवडलं. खपली निघाली. वाळलेल्या सिमेंटची.

"बोलाव सगळ्यांना," आत्या म्हणाली. "सुतारालाही. चोर सापडला, आणि मला वाटतं तो आत्ताच जेवायला काय करू म्हणून विचारत होता."

६

जेवायला काय करू म्हणून त्या घरात एकच माणूस विचारायचं.

सगळे रिकाम्या खोलीत जमले. सासूबाई सगळ्यांच्या पुढे उभ्या होत्या, कारण चोर पकडला जाताना त्यांना नीट बघायचं होतं.

आत्या खुर्चीत बसली. तिने घाई केली नाही. "स्टेशनावर माणूस यायचा आणि म्हणायचा, पेटी फलाटावर होती, आता नाही. मी विचारायची, फलाटावर गाडी उभी होती का तेव्हा? तो म्हणायचा, होती. मग पेटी गाडीतून गेली की. पण गाडी आता नसते ना समोर, म्हणून त्याला ती आठवतच नाही. वस्तू हरवते कालच्या जागेतून आणि आपण शोधतो आजच्या जागेत."

मग ती म्हणाली, की टेबल या खोलीच्या कुठल्याच दारातून जात नाही हे खरं आहे. पण ते ज्या आठवड्यात गेलं, त्या आठवड्यात ही खोली अशी नव्हती. सगळ्यांनी तिला चार भिंती सांगितल्या. कोणी खोटं बोललं नाही. समोर भिंत दिसतेय, तर ती तेव्हाही असणार, असं सगळ्यांना वाटलं. मुलाला तर ती नकाशात दिसत होती. एकट्या बाळने खरं सांगितलं, कारण डोळे विसरतात पण गुडघा विसरत नाही. त्याची चप्पल इथून उडून थेट सामानाच्या खोलीत पडली होती. आज ती भिंतीला आपटते.

नवऱ्याने कपाळाला हात लावला. मधली ती भिंत ओल धरून पोकळ झाली होती, म्हणून निघायच्या आधीच पाडली होती. पाडायला त्यानेच सांगितलं होतं. मंडळी गेल्यावर गवंड्याने तिथे नवी भिंत बांधली आणि तीत न्हाणीपुरतं अरुंद दार ठेवलं.

"म्हणजे टेबल भिंतीच्या आधी पलीकडे गेलं," सुतार हळूच म्हणाला. पहिल्यांदाच त्याने पायरी सोडली होती.

"गेलं. पण का गेलं?" आत्याने सासूबाईंकडे बघितलं. आता तिचा आवाज मऊ झाला होता. "अगं, तुझ्या भोपळ्याच्या मांडवाच्या बल्ल्या कुठून आणल्यास?"

सासूबाई म्हणाल्या, की अंगणात पडल्या होत्या. लांब लांब तेवढ्या निवडून घेतल्या. बारके तुकडे तिथेच ठेवले. आपण काही सगळ्या घेतल्या नाहीत.

नवऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडला तो त्याच्या तोंडावर दिसला. त्या बल्ल्या गवंड्याच्या होत्या. ओल्या स्लॅबला खालून टेकू द्यायच्या. लांब टेकू वेलाखाली गेले, राहिले कमरेएवढे तुकडे. तेच सांगायला गवंडी दोनदा दाराशी आला होता. त्याला उत्तर मिळालं, वेलाला हात लावायचा नाही, घरात असेल त्यात भागवा.

"आणि घरात," आत्या म्हणाली, "तुकड्यांना उंची आणायला एकच मजबूत वस्तू होती. वरून पाणी गळतं ते तिच्यावर पडतं, आणि सत्तर वर्षांचं पॉलिश धुऊन तुमच्या फडक्यात येतं. सुतारदादा, त्या वरच्या दोन फळ्या काढ. टेकूला धक्का लावू नकोस."

सुताराने खिळे उपसले. फळ्या निघाल्या. सगळे वाकून बघू लागले.

आत अंधुक उजेडात टेबल उभं होतं. चारी खांब रोवून. त्याच्या पाठीवर बल्ल्यांचे बुटके तुकडे रांगेने उभे, त्यांच्या डोक्यावर फळ्या, फळ्यांवर न्हाणीचं छत. सबंध छत त्या टेबलाने डोक्यावर घेतलं होतं.

सासरे म्हणाले, "काखेत कळसा आणि..."

सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. गावाला वळसा राहूनच गेला.

मग सासूबाई सुताराकडे वळल्या. त्यांना बोलणं जड गेलं, पण त्यांनी ते टाळलं नाही. "उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं झालं माझं. चुकले मी. बाहेर भोपळे लागतील, त्यातला पहिला तुझा."

सुताराने कानावर पेन्सिल ठेवली. पुढचं दार संध्याकाळपर्यंत बसलं.

पण सून तिथेच उभी होती. टेबल सापडलं होतं आणि रविवारपर्यंत त्याला कोणी बोटही लावू शकत नव्हतं. टेकू काढले तर कच्चं छत खाली येणार. आणि छत घट्ट झाल्यावरही ते दारातून निघणार नाही, ते नाहीच.

७

रविवारी मालकीणबाई आल्या. काठी टेकत, भाचीचा हात धरून. नवरा म्हणत होता, टेबल दुरुस्तीला दिलंय असं सांगावं, म्हातारं माणूस आहे, मनाला लागेल. सासूबाईही तेच म्हणत होत्या, त्यांना तोंड दाखवायची चोरी झाली होती. पण सून फाटकापर्यंत गेली आणि तिथेच, बाई गाडीतून उतरत असताना, तिने सगळं सांगून टाकलं. भोपळ्यासकट.

मालकीणबाईंनी ऐकून घेतलं. उतरता उतरता त्या गाडीच्या दाराशीच थांबल्या. सुनेला वाटलं, आता माघारी फिरतील. मग त्यांनी विचारलं, "माझा कोपरा कुठल्या बाजूला आलाय?"

आतल्या भिंतीच्या बाजूला, सून म्हणाली.

"मग तिरकं होऊन जाता येईल. मी आता बारीक झालेय."

त्या खरंच तिरक्या होऊन गेल्या. सुतार पुढे, प्रत्येक टेकूवर हात ठेवून, सून मागे. कोपऱ्याशी स्टूल ठेवलं होतं. बाई बसल्या. बोटांनी टेबलाची कड चाचपली, दातांच्या खुणा सापडल्या, त्यांवर अंगठा फिरवला. मग मान वर करून टेकूंकडे आणि छताकडे बघितलं आणि त्यांना हसू फुटलं. असं, की सुतार घाबरून टेकू धरून उभा राहिला.

"मी पाच वर्षांची असताना वादळाने घराचं छप्पर उडालं," त्या म्हणाल्या. "वडिलांनी आम्हा सगळ्या पोरांना या टेबलाखाली कोंबलं. म्हणाले, घाबरू नका, हे टेबल छतसुद्धा पेलेल. मला ते तेव्हा खरं वाटलं नव्हतं. रागाने मी कड चावली ती तेव्हाच पहिल्यांदा."

सगळे तिथेच जेवले. बल्ल्यांच्या मधून ताटं सरकवत, कोणी स्टुलावर, कोणी उलट्या बादलीवर. पलीकडचा माणूस कोणालाच पुरता दिसत नव्हता. सासऱ्यांचा गुडघा दोनदा लागला आणि दोन्ही वेळा ते मालकीणबाईंकडे बघून गप्प बसले. वरून मधूनच थेंब पडायचा. एक सासूबाईंच्या ताटात पडला, आणि त्यांनी तो मुकाट्याने खाल्ला.

उठताना मालकीणबाई सुनेला म्हणाल्या, "शब्द पाळलास. जागा कुठली ते महत्त्वाचं नाही."

सून म्हणाली, जागाही ठीक करते. पुढच्या वेळी मोकळ्या टेबलावर जेवू.

छत घट्ट झालं. गवंडी परत आला, झालेलं सगळं ऐकून त्याने टोपी पुन्हा एकदा चुरगाळली, आणि मग त्यानेच बांधलेली भिंत त्याने पाडली. टेबल बाहेर निघालं, जुन्या जागी आलं. भिंत तिसऱ्यांदा बांधली. नवऱ्याने नकाशात टेबल काळ्या शाईत काढलं, सासूबाईंनी गवंड्याला त्याच्या बल्ल्या परत दिल्या, आणि पहिला भोपळा सुताराच्या घरी गेला.

नणंदेचं लग्न याच घरात झालं. त्या दिवशी टेबलावर पहिलं जेवण झालं तेव्हा सुनेने दातांच्या खुणांच्या कोपऱ्यावर ताट मांडून ठेवलं होतं. तिथे कोणी बसलं नाही. मालकीणबाई लग्नाच्या आदल्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, भाचीच्या घरी झोपेतच गेल्या होत्या.